दारव्ह्यात दोन हंगाम टिकणारा फाळ नागभीडला एका हंगामात का संपतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही आयटीआयमधून वेल्डर होऊन दारव्हा तालुक्यात वर्कशॉप टाकले आहे. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले पंजीचे, म्हणजे कल्टिव्हेटरचे, फाळ तुमच्या गावात दोन हंगाम चालले. तुमच्या मेव्हण्यांकडे नागभीडजवळ मात्र ते एकाच हंगामात निम्मे झाले. दरम्यान एका विक्रेत्याने तुम्हाला सांगितले की फाळ असो वा पंपाचा शाफ्ट असो, हार्ड क्रोमचा मुलामा दिला की घासण्याचा प्रश्नच मिटतो. दुसऱ्याकडून घेतलेला महागडा हार्डफेसिंग रॉड, म्हणजे कठीण थर चढवणारा वेल्डिंग रॉड, तुम्ही गिट्टी क्रशरच्या जबड्याच्या प्लेटवर वापरला आणि तो थर आठ दिवसांत पापुद्र्यासारखा निघून आला. शेवटी तुम्ही विचारले आहे की सगळ्यांत चांगला लेप कोणता, म्हणजे तेवढाच एक आणून ठेवता येईल.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे: असा लेप नाही. चंद्रपूर–वणी पट्ट्यातील कोळसा खाणींची यंत्रे दुरुस्त करण्यात माझी अठ्ठावीस वर्षे गेली आणि आता वरोऱ्याजवळ मी शेतीची अवजारे व पंप यांचे काम करतो. एवढ्या काळात वाया गेलेले जे लेप माझ्यासमोर आले, त्यांतले बहुतेक लेप म्हणून उत्तमच होते, फक्त चुकीच्या जागी दिलेले होते. पोलाद किती झिजेल हे पोलाद एकटे ठरवीत नाही. त्याच्यावर काय घासते, किती दाबाने घासते, कोरडे की ओले, धक्का बसतो की नुसते सरकते, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. आणि म्हणून घासून आलेला तुकडा हातात घेतल्याशिवाय मी कोणालाही रॉडचे नाव सांगत नाही.

फाळापासून सुरुवात करू, कारण तुम्हाला पडलेले कोडे फार मोलाचे आहे. दारव्हा, दिग्रस, यवतमाळ हा भाग दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. त्यापासून तयार झालेल्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर असते आणि या मातीची खनिजे नखाहूनही मऊ असतात. तिच्यात जे टणक कण असतात ते मुख्यतः बेसाल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन या खनिजांचे. त्यांचा कठीणपणा विकर्सच्या मापात साधारण 600 ते 700 च्या आसपास भरतो. चुनखडीचे खडे दिसायला मोठे असले तरी त्याहून कितीतरी मऊ असतात. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हा धानाचा पट्टा निराळ्या खडकावर बसला आहे. तिथे ग्रॅनाइटच्या जातीचे फार जुने खडक आहेत आणि ते झिजून जी रेती सुटते ती गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची असते. तिथल्या सिहार किंवा खरडी जमिनीची चिमूट बोटांत चोळली तरी ती खरखर लगेच जाणवते. या क्वार्ट्झचा कठीणपणा 1000 ते 1100 विकर्स असतो.

आता पोलादाकडे पाहू. साधी एमएसची, म्हणजे मऊ पोलादाची, पट्टी 130 ते 150 विकर्स असते. बाजारात मिळणारा चांगला फाळ बोरॉन पोलादाचा, पाणी देऊन कठीण केलेला असतो आणि तो 500 च्या आसपास भरतो. या विद्येत एक उपयोगी नियम आहे: घासणारा कण पृष्ठभागापेक्षा साधारण 1.2 पट किंवा त्याहून जास्त कठीण असेल तर तो पृष्ठभागात रुततो, चरा पाडतो आणि पोलादाचा बारीक कीस काढतो. त्याहून कमी असेल तर कण स्वतःच बोथट होतो आणि झीज एकदम खाली येते. तुमच्या काळ्या जमिनीत 600 चा कण 500 च्या फाळावर घासतो, म्हणजे प्रमाण नेमके या उंबरठ्यावर येते आणि फाळ तग धरतो. मेव्हण्यांच्या शेतात 1000 चा कण त्याच 500 च्या फाळावर घासतो, प्रमाण दुप्पट होते आणि फाळाला दिलेल्या पाण्याचा फायदा बराचसा वाया जातो. फाळात खोट नाही आणि मेव्हण्यांच्या ट्रॅक्टरचालकाचाही दोष नाही. तुमच्याकडेही सगळे शेत सारखे नसते. बेसाल्टच्या पोकळ्यांतून सुटलेल्या गारगोट्या नाल्याकाठच्या एखाद्या पट्टीत साचलेल्या असतात आणि तेवढ्या पट्टीत फाळ लवकर जातो, हे जुन्या लोकांना चांगले ठाऊक असते.

झिजेचा हिशोब मांडण्याची एक सोपी रीत आर्चर्ड या इंग्रज संशोधकाने 1953 मध्ये मांडली आणि ती आजही वापरली जाते. झिजून जाणारे आकारमान हे दाब आणि घासत गेलेले अंतर यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते आणि पृष्ठभागाच्या कठीणपणाच्या प्रमाणात कमी होते. यात अंतराचा वाटा लोक विसरतात. नऊ फाळांची पंजी साधारण दोन मीटर रुंद पट्टा घेते. एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर, म्हणून एका एकरामागे प्रत्येक फाळ दोन किलोमीटर मातीतून ओढला जातो. भाड्याने शंभर एकर उन्हाळवाही केली की तोच फाळ दोनशे किलोमीटर चालून येतो, म्हणजे यवतमाळहून नागपूर गाठून पुढेही जाईल इतके अंतर, आणि तेही जमिनीच्या आतून. शिवाय उन्हात वाळलेल्या जमिनीत दाबही जास्त पडतो. तेव्हा गिऱ्हाइकाने "किती महिने टिकला" असे सांगितले तर त्याला किती एकर चालला आणि कोणत्या ओलीत चालला ते विचारा. महिन्यांवरून काहीच कळत नाही.

इथे घर्षण आणि झीज यांत होणारा एक घोळ दूर करतो, कारण विक्रेते नेमके त्याच्यावर पोट भरतात. विक्रेता मुलाम्यावरून अंगठा फिरवून किती गुळगुळीत आहे ते दाखवतो आणि त्यावरून तो टिकाऊ आहे असे आपण समजतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी ठरावीक संबंध नाही. टेफ्लॉन अतिशय निसरडे असते, पण ते नुसते वापरले तर झपाट्याने झिजते. ब्रेकच्या लायनरला घर्षण भरपूर असते आणि तरी ते हजारो किलोमीटर पुरते. कधी कधी तर घर्षण हवेच असते. जिनिंगमध्ये चामड्याच्या रोलरने कापसाचे तंतू पकडलेच नाहीत तर ते स्थिर सुरीखाली ओढले जाणार नाहीत आणि रुई सरकीपासून सुटणारही नाही. तिथे कोणी रोलर गुळगुळीत करून दिला तर मालक त्याला दारात उभे करणार नाही.

तर नागभीडच्या फाळांना काय करावे? ज्या थरातील कण क्वार्ट्झपेक्षा कठीण आहेत असा थर हवा, आणि तो जाडही हवा. क्रोमियम कार्बाइडच्या हार्डफेसिंग रॉडमध्ये 25 ते 30 टक्के क्रोमियम आणि 4 ते 5 टक्के कार्बन असतो. वेल्ड गोठताना त्यात जे कार्बाइडचे स्फटिक तयार होतात ते 1500 विकर्सच्या आसपास असतात. म्हणजे इथे रेतीचा कणच मऊ ठरतो. पण हा थर ठिसूळ असतो. धानाच्या बांधीत दगड कमी, म्हणून तिथे तो शोभतो. तुमच्याकडच्या बरड जमिनीत, जिथे वितभर मातीखाली पाषाण लागतो, तिथे हाच थर पहिल्या धक्क्याला कडेने तुटेल. तिथे कमी कार्बनचा, 350 ते 450 विकर्सचा चिवट रॉड बरा, जरी कागदावर त्याचा आकडा लहान दिसला तरी. काळ्याभोर खोल जमिनीत मात्र मी नव्या बोरॉन फाळावर काहीच चढवीत नाही. तिथे दुकानातला फाळ पुरेसा आहे आणि वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचे पाणी उतरले तर उलट नुकसान होते.

थर कुठे द्यायचा याला रॉड कोणता यापेक्षा कमी महत्त्व नाही. अनेक जण फाळाचे टोक दोन्ही बाजूंनी भरून टाकतात आणि आठ दिवसांनी तो बोथट खुंटा होतो. थर एकाच बाजूला द्यावा, म्हणजे दुसऱ्या बाजूचे मऊ पोलाद आधी झिजते, कठीण थराची पातळ कड पुढे राहते आणि फाळ चालता चालता आपली धार आपणच धरतो. घुशीचे दात असेच टिकतात: पुढे कठीण आवरण, मागे मऊ. कडक, कोरड्या जमिनीत फाळ खालच्या बाजूने घासून त्याला मागे उतार पडतो आणि मग तो जमिनीत शिरायच्या ऐवजी वर चढू पाहतो, चालकाला वाटते हायड्रॉलिकमध्ये बिघाड आहे. अशा ठिकाणी मी खालच्या अंगाला, टोकापासून तीन-चार बोटे मागपर्यंत थर देतो. आपल्याकडचे खाती, म्हणजे लोहार, वखराच्या पासेला पाजवताना नेमके कोणत्या अंगाला ठोकायचे याबद्दल जो आग्रह धरीत त्यामागे हाच अनुभव होता, असे मला आता वाटते.

कामाची रीत सांगतो. गंज, माती आणि रंग ग्राइंडरने काढून पांढरे पोलाद दिसू द्या. मध्यम कार्बनचे किंवा बोरॉन पोलाद 150 ते 200 अंशांपर्यंत तापवून घ्या. तापमान दाखवणारा खडू मिळतो, तो अंदाजापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. विजेचा प्रवाह शक्य तितका कमी ठेवा, कारण खालचे पोलाद जास्त वितळून थरात मिसळले की क्रोमियम आणि कार्बन पातळ होतात आणि महाग रॉडचा साधा रॉड होतो. पहिला थर म्हणूनच नेहमी थोडा मऊ असतो आणि दुसरा खरा कठीण. दोनच्या वर थर देऊ नका. क्रोमियम कार्बाइडच्या थराला आडवे बारीक तडे पडतात, त्यांना घाबरू नका. ताण त्यातूनच मोकळा होतो. तडा खालच्या पोलादात उतरला किंवा थराच्या बुडाशी आडवा पसरला तरच चिंता. झाल्यावर पाणी मारू नका, कोरड्या राखेत किंवा चुन्यात पुरून ठेवा. आणि पावसाळ्यात काम करताना, साधा असो वा हार्डफेसिंगचा, कमी हायड्रोजनचा रॉड पाकीट फोडून तसाच लावू नका. ओला रॉड पोलादात हायड्रोजन सोडतो आणि तडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, फाळ गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर पडतो. साध्या कमी हायड्रोजन रॉडला 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजतात; हार्डफेसिंग रॉडसाठी त्याच्या डब्यावर दिलेले तापमान पाळा. या धुरात क्रोमियम आणि मँगनीज असते, तेव्हा बंद खोलीत, तोंडाला काही न लावता हे काम करू नका. मी तरुणपणी ते केले आणि आता जिना चढताना मला त्याची आठवण होते.

आता जबड्याच्या प्लेटकडे येऊ. तुमचा थर का निघाला हे प्लेट न पाहताही बहुतांशी सांगता येते. लोहचुंबक लावून पाहा; चिकटले नाही तर ती मँगनीज पोलादाची आहे, आणि क्रशरच्या जबड्यात ती बहुधा तीच असते. रॉबर्ट हॅडफिल्डने 1882 मध्ये हे पोलाद शोधले. त्यात 12 ते 14 टक्के मँगनीज आणि एक टक्क्याच्या वर कार्बन असतो. आपल्या भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत, डोंगरी बुजुर्ग, मनसर, कांद्री या ठिकाणी ज्या मँगनीजच्या खाणी आहेत, त्यांचे बरेचसे खनिज पोलाद उद्योगाला जाते, हे आपल्या मुलांना मी आवर्जून सांगतो. या पोलादाचा स्वभाव जगावेगळा आहे. नवे असताना ते कठीणपणाच्या ब्रिनेल मापात 200 म्हणजे मऊच असते, पण दगडाचा मार बसत गेला की त्याची कातडी 500 ब्रिनेलपर्यंत कठीण होते आणि आतला गाभा चिवटच राहतो. मार जितका, तितके ते घट्ट.

हेच पोलाद तापले की बिघडते. साधारण 300 अंशांच्या वर ते फार वेळ राहिले तर त्यात कार्बाइड साचतात आणि ते काचेसारखे ठिसूळ होते. म्हणजे फाळाला तापवून घ्यायचे आणि याला मुळीच तापवायचे नाही. एका ठिकाणी छोटा टाका मारा, मग दूर दुसरीकडे मारा, आणि वेल्डच्या शेजारी हात टेकवता येईल इतके प्लेटला थंड होऊ द्या. पाण्यात अर्धी बुडवून ठेवलेली प्लेट मी स्वतः भरली आहे आणि त्यात काही बिघडले नाही. काम सुरू करण्याआधी माराने कठीण झालेली वरची कातडी ग्राइंडरने काढावी लागते, कारण तिच्यावर मारलेला वेल्ड तिलाच फाडतो. भरण्यासाठी मँगनीजचाच रॉड घ्या आणि क्रोमियम कार्बाइड हवेच असेल तर शेवटच्या एका थरापुरते ठेवा. तुम्ही बहुधा प्लेट तापू दिली, कातडी काढली नाही आणि ठिसूळ थर सरळ तिच्यावर चढवला. यातली एक चूकही पुरेशी होती. आणखी एक सुचवतो: बऱ्याच प्लेटा उलटून लावण्याजोग्या बनवलेल्या असतात. खालचा भाग घासला की वरची बाजू खाली घ्या, मालकाचा एक हंगाम रॉडशिवाय निघेल.

याच पोलादाची उलटी चूकही मी पाहिली आहे. एका शेतकऱ्याने क्रशरची जुनी प्लेट कापून हौसेने फाळ करून आणले होते. एवढे दगड खाल्लेले पोलाद मातीला काय दाद देणार, असा त्याचा हिशोब होता. ते फाळ साध्या पट्टीपेक्षा थोडेच जास्त चालले. माती घासते, मार देत नाही, आणि मार मिळाल्याशिवाय हे पोलाद कठीण होत नाही.

हार्ड क्रोमबद्दल विक्रेत्याने खोटे सांगितले नाही, अर्धे सांगितले. हा मुलामा 800 ते 1000 विकर्सचा असतो आणि त्याचे घर्षणही कमी असते. पण तो मिलिमीटरच्या शेकडाव्या भागांत मोजतात. सर्वसाधारण कामात 0.02 पासून 0.25 मिलिमीटरपर्यंत. फाळ एका हंगामात दोन-तीन सेंटिमीटर झिजतो. त्याच्यावर 0.05 मिलिमीटरचा मुलामा देणे म्हणजे पोळ्याच्या बैलाला बेगड लावून नांगराला जुंपणे. हल्ली टायटेनियम नायट्राइड किंवा हिऱ्यासारख्या कार्बनचे जे लेप ऐकू येतात ते तर दोन ते चार मायक्रॉनचे असतात. डिझेल इंजिनाच्या इंधन पंपात, जिथे दोन गुळगुळीत भाग स्वच्छ तेलात सरकतात, तिथे ते खरोखर कमाल करतात. फाळावर ते पहिल्या धुऱ्यापर्यंतही टिकणार नाहीत. रंगाचे तर बोलायलाच नको, तो दुकानातल्या मांडणीसाठी असतो.

शाफ्टच्या बाबतीत क्रोमचा विचार करता येतो, पण आधी शाफ्ट का घासला ते पाहा. ग्लँडच्या, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवण्यासाठी आवळलेल्या, दोरीखाली किंवा ऑइल सीलच्या ओठाखाली शाफ्टला जी खाच पडते ती पाहून तरुण कारागीर चकित होतात: मऊ दोरी किंवा रबर पोलाद कसे खाते? ते रबर खात नाही. पाण्यातून आलेला रेतीचा कण मऊ रबरात रुतून बसतो, रबर त्याला घट्ट धरून ठेवते आणि शाफ्ट त्याच्यावर मिनिटाला हजारो फेरे घेतो. मऊ बाजू हत्यार धरणाऱ्या हाताचे काम करते. याच कारणाने गनमेटलच्या मऊ बुशमध्ये रेती गेली की बुश शाबूत दिसतो आणि शाफ्ट जातो. एरवी गनमेटलची जोडी उत्तम, कारण पोलादावर पोलाद कोरडे घासले तर उंचवटे एकमेकांना चिकटून सोलले जातात. स्टेनलेसचे नट-बोल्ट कधी कधी हातातच जाम होतात ते यामुळेच.

दुसरे कारण आपणच निर्माण करतो. ग्लँडमधून पाणी गळते म्हणून शेतकरी तो आवळतो आणि थेंब बंद झाला की त्याला बरे वाटते. दोरीच्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी आलेच पाहिजे. तेच तिचे वंगण आणि तेच तिला थंड ठेवणारे पाणी. कोरडी दोरी जळून कडक होते आणि मग ती कानशीसारखी वागते. हे समजावून न सांगता शाफ्टला कितीही भारी मुलामा दिला तरी तो शाफ्ट तुमच्याकडे परत येईल.

क्रोमच्या मुलाम्यात जन्मतःच बारीक भेगा असतात. तेलात काम करणाऱ्या हायड्रॉलिकच्या रॉडला त्या उपकारक ठरतात, कारण त्यांत तेल साठते. विहिरीच्या पाण्यात त्याच भेगांतून ओल खाली जाते, मुलाम्याच्या आत गंज फुगतो आणि क्रोम पत्र्यासारखा उठतो. असे शाफ्ट मी एका बाहेरच्या कारखान्यातून करून आणले होते आणि एका पावसाळ्यातच ते परत आले. खाली निकेलचा थर द्यायला हवा होता, तो न मी मागितला न त्यांनी दिला. हे काम गावात स्वतः सुरू करण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. त्या टाकीतील सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे, युरोपात 2017 पासून त्याच्या वापरावर परवानगीचे बंधन आहे, आणि तुमच्या वर्कशॉपचे सांडपाणी शेवटी कोणाच्या तरी विहिरीतच उतरणार आहे.

मग शाफ्टला मी काय करतो? स्लीव्ह बसवतो. घासलेला भाग लेथवर थोडा उतरवून त्याच्यावर कठीण केलेल्या 410 किंवा 420 जातीच्या स्टेनलेसची बाही गरम करून चढवतो, आणि पुढच्या वेळी शाफ्टऐवजी तेवढी बाहीच बदलतो. ऑइल सील चालणारा भाग कठीणपणाच्या रॉकवेल सी मापात किमान 45 आणि घासून 0.2 ते 0.8 मायक्रॉन खरबरीतपणाचा असावा. त्याहून खरखरीत असेल तर सील कापला जातो. आरशासारखा केला तर ओठाखाली तेलाची पापडी टिकत नाही आणि सील जळतो. लेथच्या हत्याराच्या चालीच्या खुणा तशाच सोडल्या तर त्यांचे आटे तेल बाहेर वाहून नेतात, म्हणून शेवटी ग्राइंडिंगचे चाक बाजूला न सरकवता सरळ आत नेऊन उचलावे.

शाफ्ट वेल्डने भरण्याचा मोह फार होतो, कारण ते तासाभराचे काम आहे. वरुडला उमेदवारी करत असताना मी एका बागायतदाराच्या पंपाचा शाफ्ट असाच न तापवता भरून, लेथवर उतरवून, चकचकीत करून दिला. तीन आठवड्यांनी, ऐन मे महिन्यात, आंबिया बहाराला पाणी चालू असताना तो वेल्डच्या अगदी कडेला तुटला. तुटलेल्या तोंडावर शंखासारख्या वळ्या स्पष्ट दिसत होत्या. तडा पहिल्या दिवसापासून रोज थोडा थोडा पुढे सरकत होता. एन-8 सारखे मध्यम कार्बनचे पोलाद न तापवता भरले की वेल्डच्या शेजारी ठिसूळ कडे तयार होते आणि फिरणाऱ्या शाफ्टला नेमके तेच सोसत नाही. त्या बागायतदाराने मला एक शब्दही ऐकवला नाही, म्हणून तो प्रसंग अधिकच लक्षात राहिला.

नायट्रायडिंगबद्दल तुम्ही विचारले नाही, पण विचाराल म्हणून सांगतो. 500 ते 580 अंशांवर पोलादात नायट्रोजन मुरवतात. शाफ्ट वाकत नाही आणि थर निघून येण्याचा प्रश्नच नसतो, कारण तो वेगळा थर नसून पोलादाचीच कातडी असते. मात्र त्यासाठी क्रोमियम किंवा ॲल्युमिनियम असलेले पोलाद लागते. एन-19 वर पैसे खर्च करा, एमएसवर नको.

गंजाचा आणि झिजेचा हिशोब वेगवेगळा ठेवण्याची सवय आपल्याला आहे, पण काळ्या जमिनीत ते दोघे मिळून काम करतात. चालून चालून चकचकीत झालेला फाळ चिकट माती सोडतो. पावसाळ्यात दोन महिने उघड्यावर पडला की त्याला गंजाचे बारीक खड्डे पडतात, माती त्यांत धरते, फाळावर गोळा बसतो, मातीवर माती घासू लागते आणि ट्रॅक्टर विनाकारण डिझेल पितो. शिवाय घासताना गंजाचा थर निघतो, खालचे ताजे पोलाद पुन्हा गंजते आणि पुन्हा घासले जाते. हंगाम संपल्यावर फाळ धुऊन, वाळवून, जाड ग्रीस फासून कोरड्यात ठेवणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त लेप आहे. पेरणी यंत्राच्या खताच्या पेटीला मात्र ग्रीस पुरत नाही. युरिया आणि डीएपी ओल ओढतात, तिथे जस्ताचा गरम मुलामा किंवा स्टेनलेसच हवे. जस्त स्वतः गंजून पोलादाला वाचवते, पण ते मऊ असते, म्हणून घासणाऱ्या भागाला ते देऊ नये.

तेव्हा वर्कशॉपमध्ये मी तुमच्या जागी असतो तर तीनच रॉड ठेवले असते: चांगला कमी हायड्रोजनचा साधा रॉड, मँगनीजचा रॉड आणि क्रोमियम कार्बाइडचा थोडा साठा, आणि तो शेवटचा मुख्यतः धानपट्ट्यातून येणाऱ्या कामासाठी. याशिवाय एक चांगली कानस आणि एक लोहचुंबक. कानस सरकली आणि ओरखडा पडला नाही तर भाग पूर्ण कठीण आहे, चावली तर मऊ. एवढ्यावरून निम्मे निदान होते.

मेव्हण्यांच्या फाळांवर माझे म्हणणे मान्य करण्याआधी तपासून पाहा. नऊपैकी पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि नववा फाळ खालच्या अंगाने क्रोमियम कार्बाइडने भरा, उरलेले चार तसेच ठेवा. प्रत्येकावर छिन्नीने आकडा टाका आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ग्रॅममध्ये वजन करून वहीत लिहा. ट्रॅक्टरच्या चाकामागे दाबलेल्या जमिनीत चालणारे फाळ जास्त झिजतात, म्हणून दर दहा एकरांनी भरलेल्या आणि न भरलेल्या शेजारच्या फाळांची अदलाबदल करा, नाहीतर चाकाचा दोष रॉडच्या माथी येईल. चाळीस एकर झाल्यावर फाळ धुऊन वाळवून पुन्हा वजन करा आणि टोकाची लांबीही मोजा, कारण वजन सारखे घटूनही टोक वेगळे झिजलेले असू शकते. ते आकडे आणि घासलेल्या टोकांचे बाजूने काढलेले फोटो मला पाठवा; दुसऱ्या थराचा खर्च करावा की एकावरच भागेल, हे त्यावरून सांगता येईल.